दहा मिनिटं पुढे

माझं नाव गोदा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे मी बराच वेळ चिडलेली असणार आहे, आणि मी चिडलेली असताना कुणी हसलेलं मला मुळीच चालत नाही.

त्या सकाळी मी एसीवाल्याची वाट बघत होते. डोंबिवलीतला ऑक्टोबर म्हणजे काय ते डोंबिवलीकरांनाच विचारा. वारा नाही, ढग नाही, नुसती काहिली. त्यात आमच्या लॅबच्या सर्व्हरच्या खोलीतला एसी हवा द्यायची सोडून नुसता घुरघुरत होता. वैतागून मी जिन्यात आले, तर एक उंच मुलगा वर येताना दिसला. पाठीवर सॅक, हातात पान्या-पकडींची पेटी, कपाळावर घामानं चिकटलेले कुरळे केस.

"आलात एकदाचे!" मी म्हटलं. "कालपासून फोन करतेय. या, इकडून या."

"मी—"

"बूट बाहेर काढा. स्टूल तिकडे आहे. आणि खाली कचरा सांडू नका, आत्ताच पुसलंय."

त्यानं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं... मग बूट काढले, मुकाट्यानं स्टुलावर चढला, एसीची जाळी काढली, बेसिनमध्ये धुतली, झटकली, परत बसवली. गार झुळूक आली. मी डोळे मिटून मानेवरचे केस वर धरले. डोळे उघडले तर तो स्टुलावरूनच बघत होता.

"आता सर्व्हर दाखवता का?" तो म्हणाला. "मी ओवेन. ओवेन मिस्किटा. ठाण्याहून आलोय, ते एकाच पासवर्डच्या कामासाठी."

माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "मग आधी सांगायचं नाही का?"

"तुम्ही सांगू दिलं का?" तो म्हणाला, आणि हसला. ते हसणं मला अजिबात आवडलं नाही. म्हणजे, आवडलं. पण तेव्हा मी चिडलेले होते.

तर ते काम काय होतं ते सांगते. आमच्या सुनिदान लॅबच्या ठाणे, कळवा, कल्याण आणि डोंबिवली अशा चार शाखा. रक्ताचे रिपोर्ट एका प्रोग्रॅममध्ये, मालाचा साठा आणि रजेचे अर्ज दुसऱ्यात, हजेरी तिसऱ्यात. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. मुली पासवर्ड विसरायच्या आणि माझ्याकडे यायच्या, कारण ऑफिसातल्या कॉम्प्युटरचं सगळं मी बघते. शेवटी ठाण्याच्या मीटिंगमध्ये मी उठून आमच्या डॉक्टर शीला मॅडमना सांगितलं, की एक लॉगिन सर्व्हर बसवू या, एकदा पासवर्ड टाकला की सगळी दारं उघडी. मॅडम म्हणाल्या, "दसऱ्याला सुरू करशील?" मी म्हटलं, "करते." शहाणी कुठली!

"सोप्पं आहे," ओवेन म्हणाला. पहिल्याच दिवशी. हा शब्द मी त्याला नंतर बरेचदा ऐकवला. "तुमच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन असतो ना, तसा हा नवीन सर्व्हर. तो तुम्हाला ओळखतो आणि चिठ्ठी देतो, ही गोदा आहे, हिला आत सोडा. रिपोर्टचा प्रोग्रॅम चिठ्ठी बघतो आणि दार उघडतो. फक्त चिठ्ठी पाच मिनिटंच चालते. नाहीतर कोणीपण जुनी चिठ्ठी घेऊन घुसेल."

"आणि दार उघडलं नाही तर?"

"असं कसं नाही उघडणार?"

नाही उघडलं.

पहिल्यांदा पासवर्ड टाकला की पान गोल गोल फिरायचं. लॉगिनचं पान रिपोर्टकडे पाठवायचं, रिपोर्टचं पान परत लॉगिनकडे, आणि मी मधल्यामधे. दोन दिवस गेल्यावर कळलं, की एका ठिकाणी पानाच्या पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ होती आणि दुसऱ्या ठिकाणी नव्हती. एका रेघेपायी माझं डोकं उठलं होतं! ती दिली, तर सर्व्हरचा ओळखीचा दाखला खोटा असल्याची तक्रार आली. दाखल्याची शेवटची ओळ चिकटवताना राहून गेली होती. कुणाकडून, ते मी विचारलं नाही. ओवेननंही खिडकीबाहेर पाहिलं.

ते निस्तरलं, तर तिसराच घोळ. कुणीही लॉगिन केलं, की स्क्रीनवर यायचं, "नमस्कार, महिपत." महिपत काका आमचे हेडक्लार्क. नावाच्या रकान्यात ओवेननं तपासण्यापुरतं त्यांचं नाव घातलं होतं, ते तसंच राहिलं. पूर्ण एक दुपार चारही शाखांतल्या सगळ्या मुली महिपत काका होत्या. कल्याणच्या संचितानं रजेचा अर्ज टाकला, तो काकांच्या नावावर मंजूर झाला आणि काकांना मेसेज आला, की आपली प्रसूती रजा मंजूर झाली आहे.

"अभिनंदन, काका," ओवेन गंभीरपणे म्हणाला.

मी तोंडावर ओढणी दाबून सर्व्हरच्या खोलीत पळाले. पाठोपाठ तो आला. आम्ही दोघं त्या गार खोलीत पोट धरून हसलो, आणि हसता हसता माझा हात त्याच्या दंडावर पडला. मी काढून घेतला. लगेच नाही... पण काढून घेतला.

तेवढ्यात नवरात्र लागलं. रोजच्या रंगाचे कपडे घालायचे, हे आमच्या लॅबमध्ये कायदा असल्यासारखं आहे. पहिल्या दिवशी ओवेन आला, तो नेमका त्या दिवसाच्या रंगाच्या शर्टात. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी रक्त घेणाऱ्या मुली माझ्याकडे बघून खोकायला लागल्या.

"तुम्हाला रंग कोण सांगतं?" मी विचारलं.

"मम्मीच्या पेपरात येतात ना," तो म्हणाला. "ती बोलली, ऑफिसला सगळे घालत असतील तर तूपण घाल, बरं दिसतं." त्याची मम्मी म्हणजे जोविटा आंटी. ठाण्यातलं त्यांचं घर पिढ्यान् पिढ्यांचं, आजोबांपर्यंत सगळे भातशेती करणारे. आंटींनी डबा भरून फुगे दिले होते. मैद्याचे, मऊ, गोल, तळलेले, नुसत्या वासानं भूक खवळेल असे.

"यात अंडं आहे?"

"असणारच."

"माझे नवरात्राचे उपवास आहेत."

त्याचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या दिवशी डबा आला, त्यात गूळ आणि नारळाच्या दुधात शिजवलेली रताळी. वर आंटींचा निरोप, की उपवासाला मीठ कोणतं चालतं ते माहीत नव्हतं म्हणून घातलंच नाही. मी पहिला तुकडा तोंडात टाकला आणि मला उगाचच रडू यायला लागलं. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? पण मी भांडत होते. रोज.

कारण तो रोज उशिरा यायचा. ठरलेली वेळ दहा. आमच्या रिसेप्शनच्या घड्याळात दहा वाजायचे आणि दार बंदच. मग पाच मिनिटं. मग आणखी. मी सर्व्हरच्या खोलीतून तीनदा बाहेर यायचे, उगाच फुलदाणी सरकवायचे. मग दार ढकलून हा यायचा, हसत, हेल्मेट काखेत घेऊन, जसा काही अगदी वेळेवर आलाय.

"शिळफाट्याला ट्रॅफिक होता?" मी टोचून विचारायचे.

"होता ना. पण टायमावर आलो." आणि खुर्ची ओढून बसायचा. नाही, आधी माझ्यासाठी खुर्ची ओढायचा आणि मग स्वतः बसायचा. त्यानं राग अजून वाढायचा.

तोपर्यंत ठाण्याच्या मशीनवरचा साठ्याचा आणि रजांचा प्रोग्रॅम नीट उघडायला लागला होता. रिपोर्ट आणि हजेरी मात्र आमच्या डोंबिवलीच्या जुन्या मशीनवर, आणि ते मशीन मारुतीच्या शेपटासारखं हलायलाच तयार नाही. पासवर्ड बरोबर, पत्ता बरोबर, दाखला बरोबर, नाव बरोबर. तरी लाल अक्षरात एकच उत्तर, प्रवेश नाकारला. का नाकारला, ते सांगायची पद्धत नाही. ओवेन त्याच्याशी लाडीगोडीनं बोलायचा. "चल ना बाबा... एकदा उघड ना... ही मॅडम मला मारेल." मी म्हणायचे, "मारणारच आहे."

आणि मग एका दुपारी, चहा पिताना, तो कपाकडे बघत म्हणाला, "हे काम झालं की मला पुण्याला पाठवतायत."

"कोण?"

"मितेश सर, आमचे बॉस. तिकडे एका हॉस्पिटलचं असंच काम आहे. वर्षभर तरी जाईल. इथलं संपलं, की दुसऱ्याच दिवशी."

"अरे वा," मी म्हटलं. "छान."

छान कसलं डोंबलाचं! त्या दिवसापासून माझी पंचाईत झाली. सर्व्हर चालला नाही, तर मॅडमसमोर माझं नाक कापलं जाणार. चालला, तर हा जाणार. रोज सकाळी मी देवीसमोर हात जोडायचे आणि नेमकं काय मागायचं तेच कळायचं नाही. उघड म्हणू, की उघडू नकोस म्हणू? देवीनंही बहुधा कंटाळून माझ्याकडे दुर्लक्ष केलं असावं.

शुक्रवार उजाडला. दसरा तोंडावर आलेला. मॅडमचा ठाण्याहून फोन, की टेंभी नाक्याला देवीच्या गर्दीत गाडी अडकली आहे, आज येता येणार नाही, पण गोदा, संध्याकाळपर्यंत होय की नाही ते कळव. मी कळवते म्हटलं. फोन ठेवला. घड्याळ पाहिलं. दहा वाजून गेले होते. दार बंद.

दार उघडलं तेव्हा माझा तोल गेला होता.

"आजसुद्धा?" मी ओरडले. रिसेप्शनवरच्या मुली खाली वाकून काहीतरी शोधायला लागल्या. "आज शेवटचा दिवस आहे, हे माहीत असून? जरा तरी किंमत आहे का माझ्या वेळेची?"

ओवेनचं हसू विझलं. मी त्याला पहिल्यांदाच चिडलेलं पाहिलं, आणि तो चिडलेला फारच चांगला दिसतो, हे मला तेव्हा कळायला नको होतं.

"मी रोज टायमावर आलेलो आहे, गोदा," तो म्हणाला. मॅडम नाही. गोदा. "एक दिवस पण लेट नाही झालो. रोज तू ओरडते, मी ऐकून घेतो. आज नाही ऐकणार. हे बघ!" त्यानं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. आम्हाला लॅबमध्ये मोबाइल ड्रॉवरमध्ये ठेवावे लागतात, त्यामुळे दिवसभर आमची भिस्त भिंतीवर. त्याच्या मोबाइलमध्ये दहाला दोन मिनिटं कमी होती.

"तुझा मोबाइल मागे आहे," मी ठामपणे म्हटलं.

"मोबाइल कसा मागे असेल? तो नेटवरून टाइम घेतो! तुमच्या डोंबिवलीत काय वेगळी घड्याळं चालतात?"

"अरे, चालतात!" मी म्हटलं. "सगळ्यांची दहा मिनिटं पुढेच असतात. आमच्या घरचंही पुढे आहे. गाडी चुकू नये म्हणून. त्यात सांगण्यासारखं काय आहे?"

आणि मी थांबले.

तोही थांबला. त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. आम्ही एकमेकांकडे बघत उभे होतो, आणि मला माझ्याच हृदयाचे ठोके ऐकू येत होते. ते सर्व्हरमुळे होते की त्याच्यामुळे, याचा शोध मी तेव्हा लावला नाही.

"काका," मी हळूच हाक मारली. "ते जुनं मशीन... त्याचं घड्याळ कुणी लावलं?"

महिपत काकांनी चष्मा वर केला. "म्हणजे काय, मीच लावून घेतलं. हजेरी त्याच्यावरच होते ना? भिंतीवर दहा आणि मशीनमध्ये दहाला दहा कमी, मग रोजची भांडणं. जुना इंजिनिअर आला होता, त्याला म्हटलं, बाबा रे, भिंतीशी जुळवून दे. तेव्हापासून एक तक्रार नाही."

आम्ही सर्व्हरच्या खोलीत अक्षरशः धावलो. नव्या सर्व्हरच्या आणि जुन्या मशीनच्या नोंदी आम्ही तोपर्यंत कधी शेजारी शेजारी ठेवून वाचल्याच नव्हत्या. आता ठेवल्या. वॉचमननं चिठ्ठी दिली होती खऱ्या वेळेला. आमचं डोंबिवलीकर मशीन दहा मिनिटं पुढे. पाच मिनिटांची चिठ्ठी त्याच्या हातात पडायची, तेव्हा त्याच्या मते ती केव्हाच शिळी झालेली असायची. बिचारं अगदी नियमानं वागत होतं.

"घड्याळ मागे आणू नका हां," महिपत काका दारातून म्हणाले. "माणसं सुस्तावतील. गाड्या चुकतील."

"भिंतीवरचं राहू दे, काका," मी म्हटलं. "मशीनला कुठे गाडी पकडायची आहे?"

ओवेननं मशीनची वेळ इंटरनेटशी जोडली. मी पासवर्ड टाकला. मनातल्या मनात देवीला म्हटलं, आता तूच काय ते बघ.

पान उघडलं. "नमस्कार, गोदा."

रिपोर्ट उघडले. हजेरी उघडली. कल्याण, कळवा, ठाणे, सगळीकडून मुलींचे फोन, झालं, झालं, आमचंही झालं! बाहेर कुणीतरी पेढ्यांचा विषय काढला. मी मॅडमना कळवलं. मग फोन ठेवून वळले, तर ओवेन त्याची वायर गुंडाळत होता. अगदी सावकाश, जशी काही ती वायर फार नाजूक आहे.

"मग... झालं," तो म्हणाला.

"झालं म्हणजे काय झालं?" माझा आवाज चढला. "सोप्पं आहे म्हणून आलास, माझं डोकं खाल्लंस, रताळी खायला घातलीस, आणि आता झालं?"

"तू पण रोज ओरडलीस—"

"ओरडणारच! सकाळपासून दाराकडे बघत बसायचं माणसानं, कामात लक्ष नाही, कशात लक्ष नाही, आणि तू दहा मिनिटं... ती दहा मिनिटं मला किती मोठी वाटायची, तुला काय माहीत!"

बोलून गेले. आता परत घेता येण्यासारखं नव्हतं. एसी घुरघुरत होता.

ओवेननं वायर खाली ठेवली. "मी किती वाजता येतो, माहितीये?" तो हळूच म्हणाला. "नऊ वाजता इथे असतो. खाली झेरॉक्सवाल्याच्या पायरीवर बसतो. दहा वाजायची वाट बघत. लवकर वर आलो तर तुला वाटेल, किती उतावळा आहे..."

मी वर बसून त्याची वाट बघत होते, आणि हा गाढव खाली बसून!

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. टेबलावरच होता, आणि त्यानं गडबडीत स्पीकरच लावला.

"हां ओवेन, डोंबिवलीचं झालं का?" मितेश सर. "पुण्याची तयारी करू ना?"

ओवेननं स्क्रीनकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "सर... नाही झालं अजून," तो म्हणाला. "थोडे दिवस लागतील—"

मी झडप घालून मोबाइल उचलला. "झालंय, सर. मी गोदा बोलतेय. अगदी उत्तम झालंय. चारही शाखा चालू आहेत." आणि मोबाइलवर तळहात दाबून ओवेनला म्हटलं, "खोटं बोलून थांबायचं नाही. उद्या लोक म्हणतील, गोदाचा सर्व्हर चाललाच नाही. थांबायचं असेल तर खरं सांगून थांब."

त्यानं माझ्या हातातून मोबाइल घेतला. घेताना माझी बोटंही घेतली, आणि ती सोडली नाहीत.

"सर, काम झालंय," तो म्हणाला. "आणि मी पुण्याला नाही जात."

"का रे? घरी काही प्रॉब्लेम?"

"नाही सर. पर्सनल आहे. ...हो, मुलगी आहे."

"डोंबिवलीची?"

"हो सर."

"ती, जी तुला रोज लेट आला म्हणून झापते?"

"हो सर. तीच. आत्ता तुमच्याशी बोलली ती."

मितेश सर खो खो हसले. "अरे, मग पहिलेच बोलायचं ना! मी तुझ्यासाठी गावभर दुसरी साइट शोधत होतो, म्हटलं पोरगा कंटाळला असेल. पुण्याला विनीतला पाठवतो. तू ठाण्याचंच बघ." फोन बंद झाला.

बाहेर मुली पेढे वाटायला लागल्या होत्या. महिपत काका कुणाला तरी सांगत होते, की सगळं त्यांच्यामुळेच अडलं होतं आणि त्यांच्यामुळेच सुटलं. ओवेन माझा हात धरून उभा होता, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मी सगळं सांगितलं," तो म्हणाला. "स्पीकरवर. तू मात्र काहीच नाही बोललीस."

"दसऱ्याला घरी ये," मी म्हटलं. "सोनं द्यायला. आईला मी आजच सांगते."

"काय सांगशील?"

आई दर रविवारी माझ्यासाठी स्थळं बघते. कोकणातली, आपल्यातली, शाकाहारी असली तर उत्तम. तिचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला. घरात मोठं रामायण होणार होतं, आणि दसऱ्याच्या आत ते संपणार नव्हतं.

"सांगेन, नाव ओवेन मिस्किटा आहे," मी म्हटलं. "रविवारी चर्चला जातो. अंडं खातो. मासेही खातो, आणि बहुतेक त्याच्याआधी मलाच खायला घालेल. एका कामाला सोप्पं म्हणतो आणि महिना लावतो."

"आणि?"

"आणि तुला चालो न चालो, आई, मला तोच हवा आहे."